टिलीची टबात बसायची पाळी

१२ डिसेंबर

बाळाच्या नर्सने ही वही टिलीच्या झोपेच्या वेळा लिहायला दिली होती. दोन दिवस लिहिल्या. मग लक्षात आलं की टिली झोपतच नाही, तेव्हा लिहायचं काय? पानं कोरी पडली आहेत, मला कुणाशी तरी बोलायचंय आणि टिलीचा बाप रोरी सोफ्यावर तोंड उघडं टाकून दुपारची झोप काढतोय. तोही सात महिने दमलाय, मीही सात महिने दमलेय. फरक एवढाच की त्याला दिसेल तिथे आडवं होता येतं.

टिली एकाच अटीवर झोपते. तिला कशाने तरी सतत हलवत ठेवलं पाहिजे. कपडे पिळणाऱ्या मशीनवर टोपली ठेवून, टोपली घट्ट धरून मी तिला झोपवलेलं आहे. धुवायला काही उरलं नाही तेव्हा स्वच्छ टॉवेल परत धुतले आहेत. या विषयावरची तीन पुस्तकंही मी वाचली. तिन्हींत एकच उपदेश: बाळाला हलवून झोपवायची सवय लावू नका. तिन्ही पुस्तकं सध्या पाळण्याच्या एका पायाखाली आहेत, म्हणजे पाळणा नीट डगमगतो.

इकडे डिसेंबरात उन्हाळा, तेव्हा पुढच्या आठवड्यात रोरीच्या शाळेला सुट्टी लागते. तो शाळेत संगीत शिकवतो, त्यामुळे सुट्टीची गरज त्याच्यापेक्षा त्याच्या कानांना जास्त असते. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. तेव्हा यंदाचा अख्खा उन्हाळा अॅडलेड सोडून टॉमी बे या समुद्रकाठच्या गावी, आई-बाबांच्या शॅकवर. निवृत्त झाल्यापासून ते दोघं त्या पत्र्याच्या घरातच राहतात.

मला तिथून फक्त एक फोटो हवाय. टॉमी बेला ओहोटीच्या वेळी सगळेच गुडघाभर पाण्यात लांब दांड्याचं दाताळं ओढत खेकडे धरतात आणि कमरेला दोरीने बांधलेला प्लास्टिकचा टब मागे तरंगत नेतात. आमच्या घरात ज्या बाळाचा पहिला उन्हाळा असेल त्याला बाबा आधी त्या टबात बसवतो, दोन्ही हात टबाच्या काठावर ठेवून फोटो काढून घेतो आणि मग खेकड्यांना जागा मिळते. शॅकच्या भिंतीवर ओळीने फोटो आहेत. मी आहे, माझा भाऊ किट आहे, डल्सी आत्याच्या मुली आहेत. किटच्या वेळी क्रम चुकला होता, एक खेकडा आधीच आत होता. फोटोत किट असा का दिसतो ते आम्ही पाहुण्यांना अजून सांगतो.

यंदा टिलीची पाळी. पण एक गोष्ट मनात सलतेय, ती लिहूनच टाकते. सात महिन्यांत बाबाने टिलीला एकदाही उचललेलं नाही. ती जन्मली तेव्हा त्याला सर्दी होती. मग पाठ धरली होती. मग परत सर्दी झाली. एवढी सर्दी तर पेंग्विनलाही होत नसेल.

२० डिसेंबर

पोचलो. शेवटचा खडीचा रस्ता गाड्यांच्या चाकांनी वळ्या वळ्या होऊन पत्र्यासारखा झालाय. त्यावर गाडी घातली की दातांवर दात आपटतात. टिली तिथे पोचताच गाढ झोपली. फाटकाशी थांबलो की उठेल म्हणून रोरीने गाडी वळवली आणि परत त्याच रस्त्याने नेली. असं तीनदा केल्यावर आई रस्त्यावर येऊन उभी राहिली. तिला वाटलं आम्ही घर विसरलो.

बाबा फाटकाशी उभा होता. उजवा हात खिशात, डाव्या हातात टोपी.

"रस्ता कसा होता?"

"मस्त. चारदा बघितला. ही घे, तुझी नात."

"आधी सामान उतरवतो," म्हणाला, आणि डाव्या हाताने लंगोटांची पिशवी उचलून आत गेला. माणूस सत्तरीला आला की नातीपेक्षा लंगोट जवळचे वाटत असतील.

संध्याकाळी किनाऱ्यावर पहिली सहल. नवा उन्हाचा तंबू नेला होता. दुकानदार म्हणाला होता की लहान मूलही उभारील. आम्ही दोन मोठी माणसं होतो, तिथेच चुकलं. तंबू एकदाचा उभा राहिला, वारा आला आणि तो थेट बोटींच्या धक्क्याच्या दिशेने निघाला. रोरी मागे, रोरीच्या मागे शेजाऱ्यांचं कुत्रं. मी टिलीला अंगाखाली घेऊन वाळूत पालथी. आई हसून हसून खाली बसली. बाबाही हसला. हसताना त्याने खिशातला हात काढला नाही. आता ही नवीन ऐट म्हणायची.

"बाबा, उद्या ओहोटी चांगली आहे. टब काढू या?"

"उद्या वारा असेल."

२५ डिसेंबर

पारा एक्केचाळीस. शॅकच्या पत्र्यावर अंडं फोडलं असतं तर खाली पडायच्या आत झालं असतं. सगळे नाताळचे कागदी मुकुट घालून घाम पुसत बसलो होतो. टिलीने स्वतःचा मुकुट खाल्ला, मग माझा.

आज जे झालं ते मी रागात लिहितेय, तेव्हा उद्या वाचून लाज वाटली तर वाटू दे.

आमच्याकडे अंगणातल्या शेगडीवर मांस भाजायचा चिमटा फक्त बाबाच्या हातात असतो. आई तो धुवायला घेते तेव्हासुद्धा बाबा शेजारी उभा राहतो. किटने एकदा बाबा आत गेलेला बघून एक सॉसेज उलटलं होतं. ते प्रकरण दोन ख्रिसमस चाललं. चिमटा कुणाच्या हातात गेला म्हणजे घर त्याच्या हातात गेलं, असं आमच्याकडेच नाही, सगळ्या गल्लीत मानतात. आणि घरातली थोरली मी. तेव्हा बाबानंतर चिमटा कुणाचा यावर मी मनात कधी चर्चाच ठेवली नव्हती.

आज बाबाने शेगडी पेटवली, दोन मिनिटं नुसता उभा राहिला, आणि चिमटा उचलून रोरीच्या हातात दिला.

रोरीच्या! जो माणूस पाव भाजतानाही धूर करून घरातला आगीचा भोंगा वाजवतो त्याच्या!

डल्सी आत्या, म्हणजे बाबाची धाकटी बहीण, खुर्चीतून ओरडली, "क्लेमी, जावयाला गादीवर बसवलंस की काय? अरे मास्तर, सॉसेज आहे ते, बासरी नाही. फिरव त्याला!"

"फिरवतोय, आत्या."

"फिरवतोय म्हणे. काळं पडलंय एका बाजूला. बाजू बदल रे बाबा, गाणं ऐकतोयस का त्याचं?"

सॉसेज बाहेरून कोळसा आणि आतून गुलाबी निघाले. सगळ्यांनी "छान झालेत" म्हणत मुकाट पावात घालून सॉस ओतला. बाबा आईशेजारी बसला होता. आई त्याची कोळंबी सोलून त्याच्या ताटात ठेवत होती, एकेक करून. चाळीस वर्षांच्या संसारात मी हे कधी बघितलं नव्हतं. निवृत्त नवऱ्याचे लाड!

रात्र होण्याआधी भांडी पुसताना मी रोरीला गाठलं. "चिमटा देताना काय म्हणाला तुला?"

"काही नाही. 'धर' म्हणाला."

"एवढंच?"

रोरी ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "आणि म्हणाला, 'काही बोलू नकोस.'"

कळलं. मला राग येईल हे त्याला माहीत होतं. शेवटी पुरुषालाच दिला. मी माझ्या मुलीला हे पुढे कसं सांगू?

२६ डिसेंबर

ओहोटी उत्तम. वारा नाही. बाबा म्हणाला, पाणी गार आहे. काल एक्केचाळीस होता पारा.

२ जानेवारी

धक्क्यावर माकुल धरायला गेलो. म्हणजे रोरी आणि बाबा धरायला, मी टिलीला बाबागाडीत घालून धक्क्याच्या फळ्यांवरून पळवायला. फळ्यांमध्ये फटी आहेत, त्यावर चाकं मस्त खडखडतात. टिली झोपली. चार म्हातारे गळ टाकून बसले होते, त्यांनी मला प्रत्येक फेरीला टोपी उचलून नमस्कार केला. आठव्या फेरीला एकजण म्हणाला, "पोरी, त्या टोकाला काही विसरलीस का?"

बाबाने रोरीला गळ बांधायला लावला. "तू बांध, शिकलास तर बरं." ज्या बाबाने मला सहा वर्षांची असताना डोळे मिटून गाठ मारायला शिकवलं तो आज धक्क्यावर पाय पसरून मास्तरांना शिकवत होता. थर्मासमधला चहा आईने त्याला अर्धाच कप दिला. मी म्हटलं, "आई, भर ना पूर्ण." आई म्हणाली, "त्याला अर्धाच आवडतो हल्ली." हल्ली बाबाला बऱ्याच गोष्टी अर्ध्याच आवडतात.

परतताना रोरी म्हणाला, "मेरिन, तुझ्या बाबांचा उजवा हात बघितलास का तू?"

"नाही, कारण तो खिशात असतो. निवडणुकीला उभा राहणार असेल."

"मी गमतीत नाही बोलत."

"मीही नाही. माझ्या मुलीला उचलायला त्याला हात नाहीत, आणि तुला गाठी शिकवायला आहेत. तू त्याच्या बाजूने बोलू नकोस, चिमटेवाल्या."

रोरी गप्प झाला. गप्प झाला की तो बोटांनी मांडीवर ताल धरतो. मला तो ताल आवडतो, पण आज नाही आवडला.

११ जानेवारी

दोन दिवस अॅडलेडला आलोय, रोरीचं शाळेचं काम आहे. आज बाळांच्या आयांची सहल बागेत. आठ जणी, आठ बाळं, आठ गोधड्या, आणि सगळ्यांची बाळं गोधडीवर झोपलेली. माझी बाकावर, कारण बाकाचा एक पाय मोडका आहे आणि मी बसून झुलत होते.

सगळ्याजणी आजोबांच्या गोष्टी सांगत होत्या. एकीच्या सासऱ्यांनी बाळासाठी लाकडी घोडा केलाय. दुसरीचे वडील रोज सकाळी बाळाला पोपट दाखवायला नेतात. मला विचारलं, तुझे बाबा?

मी म्हटलं, "अहो, वेडे झालेत तिच्यामागे. खाली ठेवत नाहीत."

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. आता हसू येतंय, कारण नळ सोडला म्हणजे रडणं ऐकू येत नाही हा समज चुकीचा निघाला. रोरी टॉवेल घेऊन बाहेर उभाच होता.

मला बाबाच्या हातात टिली बघायची आहे. फोटोचं निमित्त आहे. मी लहान असताना तो मला एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने मोटारीचं इंजिन उघडायचा. गावात त्याचं गॅरेज होतं. मला वाटायचं की तो हात कधी थकत नाही. माझ्या मुलीने असं काय केलंय की तिला तो हात मिळू नये?

मला वाटतं, आम्ही लग्न न करता बाळ आणलं हे त्याला आवडलं नाही. किंवा तिला त्याच्या आईचं नाव ठेवलं नाही. आजीचं नाव एर्मिन्ट्रूड होतं. मी माणुसकीने वागले होते.

२५ जानेवारी

सोमवारच्या सुट्टीला जोडून आलेला रविवार. महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी. पाणी एवढं मागे गेलं होतं की अर्ध्या खाडीची वाळू उघडी पडली होती. सगळे पाण्यात. डल्सी आत्या मोठ्या टोपीत दाताळं ओढत होती आणि तिच्या मागे तिचा टब, त्यात तीन निळे खेकडे. बाबा आमचा जुना टब घेऊन आला होता. कमरेला बांधला नव्हता. डाव्या हाताने दोरी धरून उभा होता.

मी टिलीला घेऊन गेले. डोक्यावर टोपी, नाकावर पांढरं मलम, जणू छोटी क्रिकेटवाली. मनात ठरवून गेले होते की आज ऐकून घ्यायचं नाही.

"बाबा, घे."

"पुढच्या वेळी, मेर."

"पुढच्या वेळी ती टबात मावणार नाही."

"मावेल गं. पाणी गार आहे."

"सकाळी शेजाऱ्यांचं कुत्रं उचललंस तू. दोन्ही हातांनी. भिजलेलं कुत्रं! आणि माझी मुलगी..."

"मेरिन," आई मागून म्हणाली. आई मला पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा थांबायचं असतं. मी थांबले नाही. टिलीला सरळ त्याच्या छातीशी नेऊन टेकवलं आणि माझा एक हात सोडला.

"घे तिला!" तो ओरडला. "मेर, घे परत! घे म्हणतो ना!"

त्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी टिलीला ओढून घेतलं. त्याचे दोन्ही हात वर होते, जणू त्याला कुणी बंदूक दाखवली होती. डावा हात स्थिर होता. उजवा हलत होता. थंडीने नव्हे, भीतीने नव्हे. गॅरेजमधल्या आमच्या जुन्या फ्रिजसारखा, एका लयीत, थांबायचं नाव न घेता.

 डल्सी आत्यासुद्धा बोलली नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. बाबाने हात परत खिशात घातला आणि पाण्यातून चालत वर गेला. टब सुटला होता. रोरी टबाच्या मागे पळाला आणि तो घेऊन आला.

मी लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावते. त्याचे पैसे घेते.

२६ जानेवारी

सकाळी बाबा मागच्या शेडमध्ये होता. मी चहा नेला. त्याला अर्धा कप, मला पूर्ण.

"बैस," म्हणाला. बसायला एक उलटी बादली होती. टिली आईकडे होती. हात खिशात नव्हता, मांडीवर होता आणि हलत होता. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"कधीपासून?"

"मार्चपासून, टिली यायच्या आधीपासून. ऑगस्टात अॅडलेडच्या डॉक्टरने नाव सांगितलं. पार्किन्सन. नाव भलं मोठं आहे, हात तेवढाच हलतो."

"आईला माहीत होतं."

"तिच्याशेजारीच झोपतो गं मी."

"रोरीला?"

"मास्तर आहे ना, तालाचं त्याला लगेच कळतं. मी त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. त्याच्यावर चिडू नकोस."

चिडायला माझ्याकडे आता फक्त मीच शिल्लक होते. "मला का नाही सांगितलंस?"

तो हातातला कप बघत राहिला. "तुझं तान्हं बाळ. झोप नाही. दिवसभर तिला हलवत बसलेली. तुला एक हलणारं माणूस पुरे होतं."

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. नाकातून चहा आला. असं काही गंभीर घडताना माझ्या नाकातून चहा यायचाच.

"आईच्या लग्नातला कप होता ना, सोनेरी काठाचा," तो म्हणाला, "एप्रिलात माझ्या हातून पडला. आपोआप. धरलेला होता, आणि मग नव्हता. कप होता म्हणून केरसुणीने भरला, मेर. ती असती तर?"

 मी बादली त्याच्याजवळ ओढली.

"आणि कुत्र्याचं म्हणशील," तो म्हणाला, "कुत्रं पडलं तर चार पायांवर पडतं."

 मग मला राहवलं नाही. हे विचारायची ही वेळ नव्हे हे कळत होतं, पण मी आहे तशी आहे. "चिमटा रोरीला का दिलास? मला का नाही?"

बाबाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गॅरेजमध्ये येऊन विचारलंय, गाडीला चाकं का असतात.

"तुझ्या हातात बाळ होतं," तो म्हणाला.

महिनाभर मी यावरून घराण्याचा, स्त्रीजातीचा आणि माझ्या मुलीच्या भवितव्याचा विचार केला होता.

३१ जानेवारी

रोरीची शाळा सुरू झाली, पण शनिवार म्हणून परत आलो. कल्पना माझी होती. बाबाने आधी तीनदा नाही म्हटलं. मग विचारलं, "किती पाणी?"

"बसलास तर कमरेला. टब पाण्यावर. तिला पडायला उंचीच नाही. मी एका बाजूला, रोरी दुसऱ्या बाजूला."

"म्हणजे पहारा."

"हो. आणि आत्या शिव्या द्यायला."

"ते मी फुकट करीन," आत्या म्हणाली. 

टिलीचं आज काही ठीक नव्हतं. पहाटेपासून डोळा लागला नव्हता. खडीचा रस्ता झाला, मशीन झालं, धक्क्याच्या फळ्या झाल्या. दात येतायत म्हणे. गालांचे टोमॅटो झालेले, आणि आवाज असा की पाणकोळी धक्का सोडून उडाले. मी म्हटलं, आज नको, आज फोटोत नुसतं तोंडच येईल.

"किटचंही तोंडच आलंय," बाबा म्हणाला आणि पाण्यात बसला. सगळ्या कपड्यांसकट. आई ओरडली, "क्लेम, विजार!" तोवर विजार गेली होती.

टबाची दोरी त्याच्या कमरेला मी बांधली. डोळे मिटून, त्याने शिकवलेली गाठ. बरोबर बसली. त्याने हाताने चाचपून बघितली आणि मान हलवली. मग मी रडणाऱ्या टिलीला टबात ठेवलं. माझे दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना, बोटं ताठ.

बाबाने डावा हात काठावर ठेवला. उजवा वर धरून थांबला. माझ्याकडे नाही बघितलं, टिलीकडे बघितलं. आणि तो हातही काठावर ठेवला.

टब थरथरायला लागला. बारीक, एका लयीत. भोवती पाण्यावर लहान लहान वलयं निघाली. टिलीने रडता रडता दम घेतला आणि परत रडायचं विसरली. बाबाकडे बघितलं. मग त्याच्या हाताकडे बघितलं. पापण्या खाली आल्या, वर गेल्या, खाली आल्या आणि खालीच राहिल्या. मान माझ्या तळव्यावर आली. तोंड उघडं.

 रोरीने मांडीवरचा ताल थांबवला.

शेवटी आत्या कुजबुजली, "आठ महिने पेट्रोल जाळलंत रे तुम्ही, मूर्खांनो."

"याला पेट्रोल लागत नाही," बाबा म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि समुद्र तिथवर पोचत नव्हता.

"मेर, तुझे हात काढ."

"बाबा..."

"मी काही करत नाहीये गं. हा आपला आपण करतोय. काढ."

मी हात काढले. टॉवेलची उशी करून तिच्या मानेखाली सारली आणि एक वीत मागे सरले. एकच वीत. आईने कॅमेरा वर धरला. कॅमेराही हलायला लागला तेव्हा तिने तो आत्याच्या खांद्यावर टेकवला; आईला काही झालेलं नाही, ती नुसती रडत होती.

बाबाने खिशात लपवलेल्या हाताला मी महिनाभर नावं ठेवली. आणि माझी मुलगी जन्मल्यापासून तोच शोधत होती. हे मी आज लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मला फार शहाणपण सुचलं तर हे पान काढून वाचीन.

भरती चढायला लागली तरी त्याने उठायला नकार दिला. पाणी छातीशी आल्यावर रोरीने टिलीला उचललं. ती लगेच उठली आणि रडायला लागली. बाबाचा चेहरा असा खुलला की मी आजवर तसा बघितला नव्हता.

७ फेब्रुवारी

फोटो आला. ओळीतल्या सगळ्या फोटोंत बाळं कॅमेऱ्याकडे बघतायत, किट सोडून. टिली घोरतेय. टब स्पष्ट आलाय, बाबाची भिजकी टोपी, डावा हात, गाठसुद्धा स्पष्ट. उजवा हात तेवढा पुसट आलाय, बोटं मोजता येत नाहीत.

आई म्हणाली, "पुन्हा काढू या का? हात हललाय."

"नको," बाबा म्हणाला. "तसाच आहे तो."

आणि खिळा आणि हातोडी माझ्या हातात देऊन तो खुर्चीत बसला आणि टिलीला घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.